पालकांचे पॉडकास्ट : गोष्ट कोणाची?

गेल्या नाताळाच्या सुटीत आमच्या घरी एक माईक आला. तळहाताएवढा, काळा, तोंडावर स्पंजाची टोपी घातलेला. आमच्या सूनबाईने तो मागवला होता. घर रस्त्यालगत असल्यामुळे रिक्षांचा आवाज फार. म्हणून कपड्यांचे कपाट उघडे टाकून, टांगलेल्या साड्यांच्या पुढ्यात स्टूल मांडून, मुले झोपल्यावर रात्री दहानंतर तिने आपल्या पॉडकास्टचे तीन भाग मुद्रित केले. कापड आवाज शोषून घेते, खोलीचा घुमारा कमी होतो, ही माहितीही आम्हांला तिच्याकडूनच मिळाली. विषय होता आईबापपण आणि समाजमाध्यमे. तिन्ही भाग आमच्या हवाली करून ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही त्रैमासिकात इतकी वर्षे पुस्तकांवर लिहिता. हेही एक पुस्तक आहे असे समजा, आणि काय वाटले ते खरे सांगा. घरातली म्हणून सांभाळून घेऊ नका.”

आमचे चिरंजीव त्या वेळी समोरच जेवत होते. ते काही बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत हे आम्हांला दोन दिवसांनी कळले, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच. तो भाग यथावकाश येईल.

पॉडकास्ट म्हणजे काय हे बहुतेक वाचकांना आता ठाऊक आहे. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा शब्द २००४ साली ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील लेखात बेन हॅमर्सली यांनी सुचवला. ‘आयपॉड’ हे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रक्षेपण, या दोहोंची ती जोडणी. पुढच्याच वर्षी, २००५ च्या जूनमध्ये, ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि हौशी मंडळींचा हा उद्योग सर्वत्र पोहोचला. नभोवाणीला परवाना लागतो, स्टुडिओ लागतो, केंद्राधिकाऱ्याची संमती लागते. येथे यांपैकी काहीही लागत नाही. ध्वनिमुद्रण एखाद्या सेवेच्या संगणकावर ठेवायचे. नवा भाग आल्याची वर्दी देणारी एक यादी तेथे तयार होते. श्रोत्याचा फोन ती यादी वाचतो आणि तो भाग उतरवून घेतो. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. श्रोत्याच्या फोनमध्ये उतरलेला भाग त्याचा झाला. मूळ जागेवरून आपण तो पुसून टाकला तरी उतरलेल्या प्रती परत बोलावण्याची सोय नाही.

आता तिच्या तीन भागांविषयी.

पहिला भाग ऐकताना आम्ही खुर्चीत सावरून बसलो. थोरल्या मुलीच्या जन्मानंतरचे चाळीस दिवस, हा त्याचा विषय. बाळंतपणात आपल्याला आनंद का झाला नाही, बारशाला जमलेल्या बायका ‘मुलगी किती गोड’ म्हणत असता आपल्याला केवळ झोपावेसे का वाटत होते, रात्री तीन वाजता हातात फोन घेऊन परक्या बायकांच्या हसऱ्या बाळांची चित्रे आपण कशी तासन्तास पाहिली आणि प्रत्येक चित्रागणिक आपण नालायक आई आहोत हे मनाशी कसे पक्के होत गेले, हे तिने न रडता आणि न सजवता सांगितले आहे. आम्ही तिचे सासरे. त्या चाळीस दिवसांत त्याच घरात होतो. आम्हांला यातले काहीही दिसले नव्हते. एवढे एका भागाने साधले, तर पॉडकास्ट हा प्रकार किरकोळ मानता येणार नाही.

तिसरा भाग बेताचा. मुलांच्या हाती फोन किती वेळ द्यावा, याविषयी इंग्रजी पुस्तकांतून वेचलेल्या सूचना त्यात आहेत. जोनाथन हाइट यांचे ‘द अँक्शस जनरेशन’ हे २०२४ सालचे पुस्तक आणि सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी करणारा, डिसेंबर २०२५ पासून अमलात आलेला ऑस्ट्रेलियातील कायदा, यांचा सारांश त्यात येतो. माहिती चूक नाही. परंतु ती सांगणाऱ्या आवाजात सूनबाई नाही. शिक्षिका फळ्यावरून वाचून दाखवते तसे ते झाले आहे. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

राहिला दुसरा भाग. तो तिघांत सर्वांत रंगलेला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आमच्या नातीला वाटणारी एक भीती, त्या भीतीपायी तिने शाळेत केलेली एक गोष्ट, आणि मग घरी उडालेली तारांबळ, असा तो प्रसंग. सांगणे खुसखुशीत आहे, नकला उत्तम आहेत, शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी येते. आम्ही दोनदा मोठ्याने हसलो. तो प्रसंग काय होता हे येथे लिहिणार नाही, कारण नात नऊ वर्षांची आहे, तिला वाचता येते, आणि हे त्रैमासिक तिच्या वर्गातल्या किमान चार मुलांच्या घरी जाते.

हे शहाणपण आम्हांला कोठून आले, ते आता सांगतो. १९९४ साली याच पानांवर आम्ही एक विनोदी लघुनिबंध लिहिला होता. आमच्या धर्मग्रामातील नाताळच्या नाटकात आमच्या चिरंजीवांची जी फजिती झाली, तिचे त्यात वर्णन होते. फादरांनी तो वाचून पाठ थोपटली, सौभाग्यवतींच्या माहेरी त्याचे वाचन झाले, आणि आम्हांला विनोद जमतो असा लौकिक काही काळ पसरला. चिरंजीव त्या वेळी दहा वर्षांचे होते. माईक घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री, भांडी विसळता विसळता, पाठमोरे उभे राहून ते एवढेच म्हणाले, “पप्पा, तुमच्या त्या लेखानंतर मला शाळेत कोणत्या नावाने हाक मारत, माहीत आहे का तुम्हांला? दहावीपर्यंत.” आम्हांला माहीत नव्हते. नाव त्यांनी सांगितले. ते आम्ही येथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही माडीवरचा १९९४ चा बांधीव खंड काढला. तो लेख पुन्हा वाचून पाहावा, इतके दुखावण्यासारखे त्यात खरोखर काय होते ते तपासावे, असा हेतू. खंडात ती दोन पाने नव्हती. ब्लेडने, शिवणीच्या अगदी लगत, सरळ रेषेत कापून काढलेली होती. इतक्या वर्षांत आम्ही तो खंड कितीदा चाळला असेल. आम्हांला कधी कळले नाही.

प्रस्तुत लेख त्या दोघांना वाचून दाखवूनच छापावयास दिला आहे. चिरंजीवांनी दोन वाक्ये गाळावयास लावली. ती गाळली आहेत.

असो. घरगुती प्रकरण येथे थांबवून आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आईबापांनी आपल्या आईबापपणाविषयी जाहीर बोलावे की नाही? बोलू नये असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. या विषयावरचे एक अव्वल उदाहरण अमेरिकेत झाले आहे आणि त्याची ओळख आपल्याकडे व्हावी असे वाटते. हिलरी फ्रँक या नभोवाणीसाठी काम करणाऱ्या लेखिकेने २०१० साली ‘द लाँगेस्ट शॉर्टेस्ट टाइम’ नावाचा पॉडकास्ट स्वतःच्या बळावर सुरू केला. बाळंतपणात त्यांना इजा झाली, बराच काळ धड चालता येईना. आणि आनंदाच्या म्हणून गणल्या गेलेल्या त्या दिवसांत त्यांच्या वाट्याला आला तो एकांत. तेव्हा त्यांनी इतर आयांना, पुढे बापांनाही, बोलते केले. नावातच सगळे आले : जो काळ सरता सरत नाही आणि मागे वळून पाहता क्षणात सरलेला वाटतो, तो लहानग्यांच्या संगोपनाचा काळ. पुढे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या नभोवाणी केंद्राने तो कार्यक्रम आपल्याकडे घेतला. पालकांनी अडचणीत शोधून काढलेल्या विक्षिप्त युक्त्यांचे ‘विअर्ड पेरेंटिंग विन्स’ हे पुस्तकही फ्रँक यांनी २०१९ साली केले.

या कार्यक्रमात आम्हांला जे भावले ते त्यातील बोलणाऱ्याचे स्थान. बोलणारी व्यक्ती प्रौढ आहे आणि ती बहुतांशी स्वतःच्या देहाविषयी, स्वतःच्या संतापाविषयी, नवराबायकोत पडलेल्या अंतराविषयी बोलते. मूल त्या कथेत आहे, परंतु पाळण्यात आहे तसे. गोष्ट पाळणा हलवणाऱ्या हाताची. सूनबाईचा पहिला भाग नकळत याच जातीचा झाला आहे, आणि म्हणूनच तो उजवा.

याउलट आपल्या मराठी कानांची घडण कशी झाली ते पाहावे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचे ‘पुन्हा प्रपंच’ आमच्या पिढीने जिवाचा कान करून ऐकले. पंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी ही माणसे आमच्या आळीतलीच वाटत. महागाई, पाहुणे, नवराबायकोची कुरबुर, सगळे त्यात होते, आणि कुणाचेही काही उघडे पडत नव्हते. कारण मीनावहिनी नावाची बाई कोठे राहतच नव्हती. कल्पित कुटुंबाचा हा मोठाच उपकार असतो. त्याच्या खिडकीला कान लावून आपण आपलेच घर ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाणारे कोणतेही पोर त्यात भरडले जात नाही. आजच्या घरगुती पॉडकास्टने हा पडदा काढून टाकला. खरी आई, खरे मूल, खरे नाव, खरी शाळा. ‘खरे’ या शब्दाला सध्या अवास्तव भाव आला आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो हे विचारण्याची रीत राहिलेली नाही.

परंतु आम्हांला अधिक बोलके वाटते ते आणखी जुने एक उदाहरण. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाची प्रकरणे ही प्रकरणे नव्हेत, रात्री आहेत. आश्रमात श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, मंडळी जमतात, उद्याची वाट पाहतात. अशा बेचाळीस रात्री. आजच्या भाषेत सांगावयाचे तर मराठीतील पालकत्वाची ही पहिली लोकप्रिय ध्वनिमालिकाच म्हणावी लागेल, फक्त ती कागदावर आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, इतकी ती घरोघर गेली.

यातला एक प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. श्यामला पाण्याची भीती वाटते, पोहावयास जावे लागू नये म्हणून तो लपून बसतो, आई त्याला बाहेर काढते आणि मारते. मुलाची भीती, त्या भीतीपायी त्याने केलेली गोष्ट, घरी उडालेली तारांबळ, आणि शेवटी आईच्या डोळ्यांतले पाणी. सूनबाईच्या दुसऱ्या भागात जे आहे तेच. मग एक ऐकून आमच्या पोटात कालवाकालव व्हावी आणि दुसरे वाचून तीन पिढ्या सद्गदित व्हाव्यात, हे कसे?

फरक सांगणाऱ्यात आहे. श्यामची भीती श्याम सांगतो. प्रौढ झालेला, आईला मुकलेला श्याम मागे वळून आपल्याच भित्रेपणाकडे पाहतो आणि तो भित्रेपणा आईच्या मोठेपणाचे परिमाण म्हणून वापरतो. स्वतःला लहान करण्याचा अधिकार फक्त स्वतःला असतो. आता कल्पना करावी की श्यामच्या आईनेच, श्याम दहा वर्षांचा असताना, विहिरीवर जमलेल्या बायकांना हा किस्सा रंगवून सांगितला असता, आणि त्या बायका साऱ्या कोकणात पांगल्या असत्या. शब्द तेच, पाणी तेच, परंतु त्या गोष्टीतून श्याम निर्माण झाला नसता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील विनोद नव्वद वर्षांनंतरही शिळा झालेला नाही, त्याचेही कारण आम्हांला हेच दिसते : त्यांच्या हसण्याचे लक्ष्य बहुतेक वेळा लक्ष्मीबाई स्वतःच असतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. श्यामही वडिलांचे कर्ज, घरावर आलेली जप्ती, घरातली उपासमार सांगतोच. ते तरी वडिलांना विचारून सांगितले होते काय? नव्हते. मुलांनी आईबापांविषयी लिहिलेले वाङ्मय सर्वस्वी निर्दोष असते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोहोंत सत्तेचा फरक आहे. मोठा माणूस उलट उत्तर देऊ शकतो, घर सोडू शकतो, स्वतः लिहू शकतो. नऊ वर्षांच्या पोरीजवळ फार तर ब्लेड असते.

परदेशात या प्रकाराला पंचवीस वर्षे होत आली, आणि तेथे आता मुले मोठी होऊन बोलू लागली आहेत. प्रारंभ प्रामाणिक होता. यूटा राज्यातील हेदर आर्मस्ट्राँग यांनी २००१ साली ‘डूस’ या नावाने आपली जाहीर रोजनिशी सुरू केली. आपल्या नोकरीविषयी त्यात लिहिल्याबद्दल २००२ साली त्यांची नोकरी गेली, आणि अशा प्रकारे नोकरी जाण्याला इंग्रजीत त्यांच्याच रोजनिशीच्या नावाने क्रियापद तयार झाले. २००४ साली मुलगी झाल्यावर त्यांना बाळंतपणानंतरच्या नैराश्याने ग्रासले, रुग्णालयात राहावे लागले. ते सारे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आणि असंख्य स्त्रियांना आपण एकट्या नाही हे समजले. येथवर आम्ही त्यांच्या बाजूचे. पुढे जाहिराती आल्या, उत्पन्न आले, आणि घर हेच दुकान झाले. २०१५ साली त्यांनी ते काम बरेचसे आवरते घेतले. जाहिरातदारांना आता मुलीही हव्या होत्या, हे त्यामागचे एक कारण त्यांनी सांगितले होते. मे २०२३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनातले जे स्वतःच्या काळोखाविषयी आहे ते टिकेल, असे आम्हांला वाटते.

त्याच यूटा राज्यातील दुसरे उदाहरण भीषण आहे. रूबी फ्रँकी या बाईने २०१५ साली आपल्या सहा मुलांच्या घराचे चित्रण यूट्यूबवर दाखवावयास सुरुवात केली. तिचे सुमारे २५ लाख वर्गणीदार झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला अटक झाली, बालछळाचे चार गुन्हे तिने कबूल केले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला तुरुंगवासाची शिक्षा झाली. घरी माईक आणणाऱ्या प्रत्येक आईला या बाईच्या रांगेत उभे करणे हा अन्याय होईल. तसे आम्ही करीत नाही. येथे आम्हांला बोलावयाचे आहे ते तिच्या थोरल्या मुलीने, शॅरी फ्रँकीने, जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द हाउस ऑफ माय मदर’ या पुस्तकाविषयी.

पुस्तक उत्तम वाङ्मय आहे असा आमचा दावा नाही. पहिला निम्मा भाग घाईचा आहे, आणि आईच्या स्वभावाचे निदान लेखिका कधी कधी फार लवकर करून टाकते. तरीही त्याच्या दोन गोष्टी मनात घर करून राहतात. पहिली ही की शॅरी कॅमेरा आणि मार या दोन दुःखांची गल्लत करीत नाही. पुस्तकाआधी काही महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, यूटाच्या विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष देताना तिने सांगितले होते की आपण येथे गुन्हेगार आईची मुलगी म्हणून आलेलो नाही, घरातले जगणे जाहीर दाखवले गेलेले मूल म्हणून आलो आहोत. म्हणजे आई प्रेमळ असती तरी तक्रार उरलीच असती. वयात येणाऱ्या मुलीचे संकोचाचे क्षण लाखो लोकांसमोर मांडले जातात तेव्हा ते क्षण तिचे राहत नाहीत. पुढे तिला स्वतःचे बालपण आठवावयाचे झाले तरी आधी आईने जुळवलेली आवृत्ती डोळ्यांपुढे येते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि समीक्षेच्या दृष्टीने तीच पुस्तकाची खरी कमाई. धाकट्या भावंडांवर जे ओढवले, ज्याची वर्णने जगभरच्या वर्तमानपत्रांनी केली, ते शॅरी सांगत नाही. ती त्यांची गोष्ट आहे, सांगावयाची तर ती सांगतील, अशी तिची भूमिका आहे. प्रकाशकाला आणि वाचकाला जे हवे असणार नेमके तेथे ती हात आवरते. ज्या घरात काहीही राखून ठेवण्याची रीत नव्हती त्या घरातून बाहेर पडलेल्या मुलीने हा संयम कोठून शिकला, देव जाणे.

कायदे आता धापा टाकीत मागून येत आहेत. फ्रान्सने ऑक्टोबर २०२० मध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या अशा चित्रणाला बालश्रमाचे नियम लावले आणि मुलाला स्वतः ते काढून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जुलै २०२४ पासून मुलांच्या वाट्याचे उत्पन्न त्यांच्यासाठी राखून ठेवावे लागते. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरावयाची तर कंपनीने आईबापांची संमती घ्यावी, असे तो म्हणतो. उत्तमच. परंतु माहिती उघड करणारे आईबापच असतील तेव्हा? संमती देणारा आणि माईकसमोर बसलेला एकच. कुलपाची किल्ली कुणाला द्यावी हे त्या कायद्याने ठरवले आहे; किल्लीवाला स्वतःच दार उघडे टाकून बसला तर काय, हे ठरवलेले नाही.

आमच्या लहानपणी पहिल्या कुमसाराच्या तयारीला बसवीत तेव्हा शिकवणाऱ्या बाई आम्हांला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावीत : आपली पापे सांगायची, भावाची नाहीत. आम्ही हटकून भावाची सांगत असू. ती अधिक रंगतदार असत आणि सांगताना प्रायश्चित्त पडत नसे. पालकांचे बरेचसे पॉडकास्ट ऐकताना आम्हांला त्या बाईंची आठवण येते. ‘माझे चुकले’ अशी सुरुवात करून बोलणारा हळूच मुलाच्या खोड्यांवर घसरतो आणि श्रोतेही तेथेच कान टवकारतात.

आत्मनिवेदनाचा आद्य ग्रंथ ज्याला म्हणतात त्या संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये मुलाचा उल्लेख आहे, आणि तो कसा आहे हे पाहण्याजोगे आहे. ऑगस्टीनला अदेओदातुस नावाचा मुलगा होता. बापलेकांचा एक संवाद ‘दे माजिस्त्रो’, म्हणजे ‘गुरूविषयी’, या नावाने उपलब्ध आहे. शब्दांनी खरोखर काही शिकवता येते का, असा त्याचा विषय. मुलगा अल्पायुषी ठरला. पुढे ‘कन्फेशन्स’ लिहिताना स्वतःची पापे पानोपान उगाळणारा हा बाप मुलाविषयी लिहितो ते जेमतेम काही ओळी, आणि त्यांत आवर्जून नोंदवतो की त्या संवादात मुलाच्या तोंडी जे विचार आहेत ते खरोखर त्याचेच आहेत, त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. मुलाची फजिती नाही, बालपणीचे किस्से नाहीत. त्याचे बोलणे त्याच्या नावावर जमा केले आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीपुढे आमचा १९९४ चा लघुनिबंध ठेवून पाहिला, आणि ब्लेडने कापलेल्या पानांविषयी चिरंजीवांना एका शब्दाने विचारावयाचे नाही असे ठरवले.

सूनबाईला आम्ही आमचे मत लेखी दिले. दुसरा भाग प्रसिद्ध करू नये, असे त्यात होते. तिला ते पटले नाही. “पप्पा, मग मी बोलू तरी काय? माझ्या दिवसातले सोळा तास मुलांतच जातात. माझी गोष्ट आणि त्यांची गोष्ट वेगळी काढायची कोठून?” हा प्रश्न साधा नाही, आणि त्याचे सरधोपट उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुरुषांना ही अडचण क्वचित पडते; त्यांच्या दिवसाला घराबाहेरचे एक दालन असते आणि आत्मचरित्रे त्याच दालनातून लिहिली जातात. आम्ही एवढेच सुचवले की तो भाग नातीला ऐकवावा.

तिने तो ऐकवला. नात शेवटपर्यंत ऐकत राहिली, एके ठिकाणी हसलीही. मग तिने विचारले, “हे मिस ऐकतील?” सूनबाईने त्याच रात्री तो भाग पुसला. आता त्या जागी नवा भाग मुद्रित होतो आहे : मुलीला शाळेतून आलेल्या एका चिठ्ठीवरून आपण तिच्यावर का ओरडलो आणि ते ओरडणे आपल्या स्वतःच्या कोणत्या जुन्या भीतीतून आले, याविषयी. चिठ्ठीत काय होते ते त्यात नाही. आम्ही कच्चे ध्वनिमुद्रण ऐकले. पूर्वीच्या भागाइतके ते रंगत नाही, मधे दोन ठिकाणी सैल आहे, आणि ‘ॲक्च्युअली’ हा शब्द सतरा वेळा आला आहे. तो तिने कमी करावा. आपल्या माहेरच्या बोलीत ती दोन वाक्ये बोलून गेली आहे आणि लगेच प्रमाण मराठीत त्यांचा अर्थ सांगते; अर्थ सांगू नये, ऐकणाऱ्यांना कळेल. पहिल्या भागात मागून कुकरची शिट्टी ऐकू येते. ती काढून टाकण्याची काही युक्ती तिला सापडली आहे म्हणे. आमच्या मते ती राहू द्यावी.